बॅलिनरोब: 1880 आणि 1920

मित्रहो, आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा म्हटला की आपल्याला 1916 चा ईस्टर आठवतो. डब्लिनच्या जनरल पोस्ट ऑफिससमोर जाहीरनामा वाचणारा पॅट्रिक पिअर्स, आठवडाभरात मोडलेला उठाव आणि मग किल्मेनहॅमच्या तुरुंगात झाडलेल्या गोळ्या. जखमी जेम्स कॉनलीला उभं राहता येईना, म्हणून खुर्चीला बांधून मारलं. हे विसरण्यासारखं नाहीच. आज मात्र मी तुम्हाला पश्चिमेला नेतो, मेयो परगण्यातल्या बॅलिनरोब या लहानशा गावी.

गावाजवळ लॉक मास्क नावाचं सरोवर. 1880 साली तिथे लॉर्ड अर्न या जमीनदाराची जमीन होती आणि कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा त्याचा कारभारी. हंगाम वाईट गेला होता. कुळांनी खंडात 25 टक्के सूट मागितली, मालक 10 टक्क्यांच्या पुढे सरकेना, आणि कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा निघाल्या. जेमतेम तीस वर्षांमागे बटाट्याच्या दुष्काळात या देशात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली होती आणि जवळपास तेवढीच परदेशी गेली होती. घरादारातून निघावं लागणं म्हणजे काय, हे त्या कुळांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच सप्टेंबरात एनिस गावच्या सभेत कुळांच्या चळवळीचा पुढारी पार्नेल याने सांगितलं होतं की, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, एकटं पाडा. रस्त्यात, दुकानात, देवळातसुद्धा त्याच्याशी बोलू नका. बॅलिनरोबकरांनी तेच कारभाऱ्याला लागू केलं. गडीमाणसं काम सोडून गेली. लोहार घोड्याला नाल मारेना, दुकानदार माल देईना, टपाल आणणारा पोरगा यायचा थांबला. शेवटी उभं पीक काढायला उत्तरेतून 50 माणसं आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास शिपाई. 500 पौंडांच्या पिकापायी सरकारचे 10,000 पौंड गेले, असा तेव्हाचा हिशेब. नोव्हेंबर संपता संपता बॉयकॉटने तिथून मुक्काम हलवला.

या हत्याराला नाव हवं होतं. त्याला इंग्रजीत जो शब्द होता तो शेतकऱ्याच्या जिभेवर बसेना, म्हणून तिथल्या फादर ओमॅलींनी त्या माणसाचं आडनावच सुचवलं, अशी हकिगत सांगतात. पंचवीस वर्षांनी वंगभंगाच्या चळवळीत तो शब्द आपल्याकडेही गाजू लागला, आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांच्या पंगतीला बहिष्कार बसला.

इथे एक गोष्ट बोलल्यावाचून मला पुढे जाववत नाही. वाळीत टाकणं आपल्याला कुणाकडून शिकावं लागलं नाही. जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीच्या आईबापांवर आपल्या जातपंचायतींनी ते चालवलं, इतकं की 2016 मध्ये महाराष्ट्राला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. मेयोत गरिबांनी ते जमीनदाराच्या माणसावर चालवलं. हत्यार तेच, पण ते कुणाच्या हातात आणि कुणावर, यानेच सगळं ठरतं.

आता चाळीस वर्षं पुढे या. 1918 च्या निवडणुकीत सिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाने आयर्लंडच्या 105 पैकी 73 जागा जिंकल्या, लंडनच्या पार्लमेंटात बसायचं नाकारलं आणि 21 जानेवारी 1919 ला डब्लिनमध्ये स्वतःची लोकसभा भरवली. तिचं नाव डॉइल एरन. एप्रिलमध्ये या लोकसभेने पोलिसांवरच बहिष्कार पुकारला. पुढच्या वर्षी रेल्वे कामगारांनी दारूगोळा आणि हत्यारबंद शिपाई वाहून न्यायचं नाकारलं. त्यापायी कितीतरी जण नोकरीला मुकले. या लढ्यातल्या मायकल कॉलिन्सच्या आणि त्याच्या गनिमांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. या कामगारांची आठवण फारशी कुणी काढत नाही, याची मला हळहळ वाटते.

मे 1920 मध्ये त्याच बॅलिनरोबला लोकांचं, म्हणजे सरकारचं नव्हे तर डॉइलचं, न्यायालय बसलं. न्यायासनावर केव्हिन ओशील. भांडण जमिनीचंच: एकीकडे छोटे शेतकरी, दुसरीकडे त्यांची जमीन आपल्याला वाटून मागणारे गरजू. निकाल मागणाऱ्यांच्या विरुद्ध गेला. ते काही परके नव्हते, चळवळीचेच लोक होते. ते निकाल मानेनात, तेव्हा चळवळीच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी त्यांच्यातल्या काहींना धरून एका बेटावर नेऊन ठेवलं. आपल्याच माणसांना ‘नाही’ म्हणणारं न्यायालय आहे, हे कळल्यावर लोकांचा विश्वास बसला. त्या उन्हाळ्यात अनेक परगण्यांत सरकारी न्यायालयं ओस पडली. साताऱ्याच्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यातलं बळ वेगळं सांगायला नको.

डिसेंबर 1921 मध्ये ब्रिटनशी तह झाला, आणि जून 1922 मध्ये त्या तहावरूनच यादवी पेटली. जुलैत एका कैद्याच्या वतीने या न्यायालयाच्या सर्वोच्च पीठापुढे अर्ज आला: याला कोणत्या अधिकाराने डांबलं आहे? न्यायाधीश क्रॉउली यांनी सरकारला जाब विचारला. नव्या आयरिश सरकारने ती न्यायालयंच मोडीत काढली, आणि पुढे क्रॉउलींनाही तुरुंगात टाकलं.