कोपनहेगनच्या लिफ्टमधलं रडणं: ‘रिगेट’ बघताना लोक कुठे अडतात

नमस्कार मंडळी. आज ज्या डॅनिश मालिकेबद्दल बोलायचंय, तिच्यावरून आमच्या घरात महिनाभर वाद चालू आहेत. नाव ‘रिगेट’. कोपनहेगनमध्ये रिग्सहॉस्पिटालेट नावाचं मोठं सरकारी रुग्णालय आहे, आणि तिथले लोक बोलताना त्याला नुसतं रिगेट म्हणतात. रिगेट म्हणजे राज्य. लार्स फॉन ट्रिअर या दिग्दर्शकाने १९९४ मध्ये याच रुग्णालयात घडणारी मालिका टीव्हीसाठी केली. तेव्हा चार भाग, १९९७ मध्ये आणखी चार, आणि मग थेट २०२२ मध्ये शेवटचे पाच.

पुढे कथानक येणार आहे. ज्यांना कोऱ्या मनाने बघायचीय त्यांनी व्हिडिओ इथेच थांबवा, बघून या, मग बोलू.

तर, मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग. स्वीडनहून आलेला सर्जन स्टिग हेल्मर. याच्या हातून मोना नावाच्या लहान मुलीचं ऑपरेशन बिघडलंय आणि तिच्या मेंदूला कायमची इजा झालीय. चूक कबूल करायला तो तयार नाही. रात्री गच्चीवर जातो, समुद्रापलीकडे दिसणाऱ्या स्वीडनकडे बघतो आणि डॅनिश लोकांना शिव्या घालतो. त्याच रुग्णालयात ड्रुसेबाई आहे. वय झालेलं, मृतात्म्यांशी बोलण्याचा नाद, आणि नसलेली दुखणी सांगून पुन्हा पुन्हा भरती होण्याची सवय. डॉक्टरांच्या लेखी ही बाई नाटकी. पण लिफ्टमध्ये एका लहान मुलीचं रडणं ऐकू येतं ते हिलाच. मेरी तिचं नाव. कित्येक वर्षांपूर्वी मेलेली.

आता लोकांचं म्हणणं सांगते. माझ्या मामेभावाला भुतं खटकली. तो म्हणाला, डॉक्टरांचं राजकारण इतकं जबरदस्त लिहिलंय, मध्येच ही मुलगी कशाला? भुताचे प्रसंग पुढे ढकलून बघितलं तरी चालतं. दुसऱ्या बाजूला माझी एक मैत्रीण, भयपटांची वेडी. तिची तक्रार उलटी: भीती वाटायला लागते तेवढ्यात एखादा डॉक्टर असं काही करतो की हसू फुटतं, आणि सगळा परिणाम जातो. शिवाय चित्र पिवळट-तपकिरी, कॅमेरा हातात धरलेला, वाक्य संपायच्या आत दृश्य तोडलेलं. आईला पहिल्या भागात गरगरायला लागलं. ती म्हणाली, मी आवाज ऐकते, तू चित्र बघ.

तिसरी मैत्रीण भूलतज्ज्ञ आहे. तिच्याबरोबर बघताना माझं मत पक्कं झालं की इथली भुतं आणि डॉक्टर वेगळे काढताच येत नाहीत. मेरीचं रडणं चालू होतं तेव्हा ही बाई आरामात चहा पीत होती. मग गोष्ट आली मोनाच्या ऑपरेशनच्या भुलीच्या नोंदीवर. तो कागद हेल्मरला दडपायचाय, क्रोगशॉय नावाच्या तरुण डॉक्टरला मिळवायचाय, आणि दोघंही अभिलेखागारात त्याच्या मागावर आहेत. मैत्रिणीने कप खाली ठेवला. म्हणाली, “हे खरं भयंकर आहे.” भुलीच्या नोंदीत दर काही मिनिटांचं लिहिलेलं असतं: नाडी किती, रक्तदाब किती, औषध कधी दिलं, प्राणवायू कधी खाली गेला. टेबलावरचा माणूस बेशुद्ध असतो. त्याच्या वतीने बोलणारा तेवढा एकच कागद.

आणि मग मेरीची हकीकत बघा. तिला तिच्या बापाने मारलं. बाप कोण, तर याच रुग्णालयातला डॉक्टर. मुलगी लग्नाबाहेरची, तिचं असणंच त्याला लपवायचं होतं. तिचा देह काचेच्या भांड्यात, शिकवण्याचा नमुना म्हणून, त्याच इमारतीत ठेवलेला सापडतो. म्हणजे मोना आणि मेरी यांची गोष्ट एकच आहे. दोघींचं डॉक्टरांनी वाटोळं केलं, दोघींची खरी नोंद दाबली गेली. एकीसाठी अभिलेखागारात शोधाशोध, दुसरीसाठी लिफ्टमध्ये कान लावून उभं राहणं. मामेभावाने भुताचे प्रसंग ढकलून बघितले, तेव्हा त्याने याच खटल्याची अर्धी फाईल फाडून टाकली. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.

म्हणूनच मला ड्रुसेबाई इतकी जवळची वाटते. माझी आजी खुब्याच्या ऑपरेशननंतर एका रुग्णालयात होती. तिसऱ्या रात्री ती सारखी म्हणायला लागली, “अक्का पायथ्याशी बसलीय, पोट दाबतेय माझं.” अक्का म्हणजे तिची बहीण, जाऊन वीस वर्षं झाली होती. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी दारातूनच सांगितलं, या वयात होतं असं, झोपेचं औषध देऊ. रात्रपाळीच्या सिस्टर मात्र खुर्ची ओढून बसल्या. विचारलं, “आजी, कुठे दाबतेय अक्का?” आजीने बोट ठेवलं ते ओटीपोटावर. सिस्टरांनी चादर उचलली. लघवीची नळी पलंगाच्या कठड्याखाली दुमडून दबली होती, पिशवी कोरडी, पोट दगडासारखं. नळी सरळ केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आजी शांत झाली. अक्काही गेली. म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबली की भ्रम होऊ शकतो, हे मला नंतर कळलं. डॉक्टरांनी उडवून लावलेलं ऐकून घेणाऱ्या त्या सिस्टर म्हणजे माझी ड्रुसेबाई.

एक आक्षेप मात्र मला शंभर टक्के पटतो. तळघरात भांडी घासणारी दोन डाउन सिंड्रोम असलेली माणसं आहेत, त्यांना वर काय चाललंय ते सगळं कळतं. त्यांची दृश्यं सुंदर आहेत. पण त्यांना स्वतःची गोष्टच दिलेली नाही. बाकी सगळ्यांना घर आहे, भांडणं आहेत, स्वार्थ आहेत. यांच्या वाट्याला फक्त गूढपणा. हे चुकलंच.

शेवटाबद्दलची नाराजीही खरी होती. १९९७ चे भाग अगदी कड्याच्या टोकावर सोडले. हेल्मर झालेले अर्न्स्ट-हुगो येरेगोर्द १९९८ मध्ये गेले, ड्रुसेबाई साकारणाऱ्या कीर्स्टेन रोल्फेस २००० मध्ये. त्या दोघांशिवाय पुढे काय करणार? पंचवीस वर्षं प्रेक्षक तसेच लटकले. आणि २०२२ च्या भागांची सुरुवात कशी होते? कारेन नावाची, झोपेत चालणारी एक बाई घरी बसून हीच मालिका बघतेय आणि हा काही शेवट नव्हे म्हणून वैतागतेय. मग ती रात्री उठते आणि खऱ्या रुग्णालयात जाते. तिथले लोक तिला सांगतात की त्या मालिकेने आमची बदनामी केली. चिडलेल्या प्रेक्षकालाच गोष्टीची नायिका केलंय. मला हे फार मोठ्या मनाचं वाटलं. तिसऱ्या पर्वात बरंच काही विस्कळीत आहे, पण या एका कल्पनेसाठी मी ते पुन्हा बघेन.

भयकथा लिहिणाऱ्या स्टीफन किंगने २००४ मध्ये याची अमेरिकी आवृत्ती केली, तेरा भागांची, आणि ती एकाच पर्वात संपली. तिथे मेरी ही आगीत जळालेल्या जुन्या गिरणीतली बालकामगार आहे. ती मेरीही मनाला लागते. पण दोष गिरणीकडे सरकला की डॉक्टरांच्या मानेवरचं ओझं हलकं होतं, आणि मूळ मालिकेने ते ओझं एक क्षणही उतरू दिलेलं नाही.

बघणार असाल तर १९९४ पासूनच सुरू करा आणि काहीही पुढे ढकलू नका. ड्रुसेबाई लिफ्टमध्ये उभी राहते तो प्रसंग हेडफोन लावून बघा. बाकीची माणसं आपापल्या मजल्यावर उतरून जातात. ती उतरत नाही.