क्लाइडकाठची सात मिनिटं

(दृश्य: सकाळचा पाऊस, नदी, यारी)

ही स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातली क्लाइड नदी. आणि नदीवर मान काढून उभी आहे ती फिनिस्टनची यारी, म्हणजे क्रेन. १९३२ साली ती चालू झाली. ग्लासगोच्या स्प्रिंगबर्न भागात वाफेची इंजिनं घडायची. तिथून ती ओढत इथे धक्क्यावर आणायची आणि या यारीने उचलून जहाजात ठेवायची. स्प्रिंगबर्नची कित्येक इंजिनं आपल्या भारतातल्या रुळांवर धावली. यारी आता काही उचलत नाही, पण शहराने ती पाडली नाही. मी छत्री धरून बराच वेळ तिच्याखाली उभी होते.

शेजारची ही चंदेरी इमारत बघा. एकावर एक चढवलेले पत्रे, पाहिल्याबरोबर खवले मांजर आठवावं अशी. इथले लोक तिला आर्माडिलो म्हणतात. नॉर्मन फॉस्टर यांच्या वास्तुसंस्थेने तिचा आराखडा केला, १९९७ मध्ये ती उघडली. ८ ते १२ ऑगस्ट २०२४ या पाच दिवसांत याच आवारात ८२वं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. मी तिथे बोलायला गेले होते. विषय होता अनुवाद, आणि माझ्या वाट्याला सात मिनिटं होती.

(दृश्य: नोंदणीची रांग, गळ्यातले बिल्ले, रंगीत फिती)

इथे सहसा कुणी तिकीट काढत नाही, सभासद होतं. सभासद झालं की मत मिळतं. त्या मतांवर विज्ञानकथांचे ह्युगो पुरस्कार ठरतात आणि पुढचं संमेलन कुठल्या शहरात भरवायचं तेही ठरतं. बिल्ले देणाऱ्या या बाई, पाट्या लावणारे हे काका, चाकाच्या खुर्चीला वाट करून देणारा हा मुलगा, सगळे स्वयंसेवक. सभासदत्वाचे पैसे त्यांनीही भरलेले असतात. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं संमेलन भरलं तेव्हा जेमतेम दोनशे माणसं होती. युद्धामुळे १९४२ ते १९४५ खंड पडला, तेवढाच.

बिल्ल्याखाली चिकटवलेल्या या फिती माणसं एकमेकांना देतात. दुसऱ्या दिवशी काहींच्या फिती गुडघ्यापर्यंत पोचल्या होत्या. मी देवनागरीत ‘विज्ञानकथा’ छापलेल्या शंभर फिती पुण्याहून नेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी संपल्या. हा चिलखत घातलेला माणूस पाहा, छातीवर मराठी अक्षरं.

(दृश्य: पुस्तकांचं दालन, जुन्या पुस्तकांचं टेबल)

इथे मात्र जरा थांबू. हे पिवळं पडलेलं पुस्तक मला एका खोक्याच्या तळाशी सापडलं. अमेरिकी लेखक जेम्स गन यांनी विज्ञानकथांचे खंड संपादित केले, त्यांतला हा सहावा, १९९८चा, जगभरच्या कथांचा. यात लक्ष्मण लोंढे आहेत. आइनस्टाइनवरची त्यांची मराठी कथा इंग्रजीत जाऊन फ्रेंच लेखक ज्यूल्स व्हर्नच्या शेजारी बसली आहे. टेबलावरच्या गृहस्थांना मी तो मजकूर काढून दाखवला. पुस्तक इतकी वर्षं त्यांच्याकडे होतं, पण ही कथा मुळात मराठी आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मराठीत हे सगळं कधीपासून आहे, ते सांगायलाच मी गेले होते. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ मध्ये कोचीत ‘केरळ कोकिळ’ हे मराठी मासिक काढलं. १९००च्या सुमारास व्हर्नची चांद्रसफर मराठीत याच मासिकातून आली. पुढे मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि तिने विज्ञानकथेच्या स्पर्धा घेतल्या. १९७४च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या लेखकाची कथा आली आणि पहिली आली. आडनावापासून उलट वाचा: ज, वि, ना. जयंत विष्णु नारळीकर. नावामुळे परीक्षक भारावू नयेत म्हणून टोपणनाव, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंच्या अक्षरात लिहिलेली प्रत. कथेचं नाव ‘कृष्णविवर’.

माझी सात मिनिटं या एका शब्दावरच गेली. इंग्रजीत ‘ब्लॅक होल’ म्हणजे काळं भोक. मराठीत विवर म्हटलं की खडकातली खोल, अंधारी वाट दिसते, आत सापाचं वारूळ, त्याखाली पाताळ. पुढे कृष्ण लावला की रंग येतो आणि देवही येतो. कथा इंग्रजीत नेताना हे सगळं उंबरठ्यावरच गळून पडतं. मग अनुवादकाने ते दुसऱ्या कुठल्या वाक्यात परत आणायचं असतं. हे काम कुणी वेळ देऊन, पैसे देऊन करून घेतलं तरच होतं.

चीनने ते करून घेतलं. लिऊ त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ ही कादंबरी २००६ मध्ये छंदू शहरातल्या मासिकात क्रमशः आली, केन लिऊ यांनी ती इंग्रजीत आणली ती २०१४ मध्ये, आणि २०१५ चा ह्युगो तिला मिळाला. अनुवादित कादंबरीला तो पहिल्यांदाच मिळत होता. २०२३चं संमेलन भरलं छंदूलाच. एक मासिक, एक नेकीचा अनुवादक आणि आठ-नऊ वर्षं. आपल्याकडे बाळ फोंडके आहेत, लोंढे आहेत, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आहेत. कपाटं भरलेली आहेत. मला अनुवादक हवेत, आणि त्यांना मानधन देणारा प्रकाशक हवा.

(दृश्य: बंद दार, दारावरची सत्राची पाटी)

सत्र या दाराआड झालं. आत कॅमेरा नव्हता.

(दृश्य: टेबलावरचा कागद, जवळून)

सत्रानंतर दोन अनुवादकांनी पत्ता घेतला, आणि एका कथेचा कच्चा मसुदा आता तयार आहे. ही चित्रफीत जुळवत असताना, २० मे २०२५ रोजी, नारळीकर सरांचं पुण्यात निधन झालं.

हा कागद सत्राच्या दिवशीचा. पोलंडहून आलेल्या एका बाईंनी माझं पेन मागून घेतलं आणि मी लिहिलेल्या शब्दाखाली तोच शब्द उतरवला. कृ जमला नाही म्हणून तीनदा काढला आहे. ष्ण पहिल्या झटक्यात आला.