सर्व्हर वाढवण्याआधी

स्टार्टअप चालवणारी मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास येतो: "युजर अचानक वाढले तर आमची साइट टिकेल का?" पाठोपाठ उत्तरही तीच देऊन टाकतात: "क्लाउडवर आहोत, सर्व्हर वाढवू." आज मला या उत्तराबद्दल बोलायचंय. सर्व्हर वाढवता येतात, अगदी काही मिनिटांत. पण वाढवलेल्या सर्व्हरचा उपयोग होईल की नाही, हे तुमचं अॅप्लिकेशन कसं बांधलंय त्यावर ठरतं.

अॅमेझॉनने २००६ मध्ये आधी एस-थ्री ही फाइल साठवण्याची सेवा आणली, मग ईसी-टू ही भाड्याच्या सर्व्हरची. त्याआधी मशीन विकत घ्यायचं, डेटा सेंटरमध्ये जागा मिळवायची, मशीन येईपर्यंत वाट बघायची. अंदाज चुकला की एक तर पैसे अडकायचे, नाही तर साइट पडायची. तासाच्या भाड्याने सर्व्हर मिळू लागल्यावर, म्हणजेच क्लाउड आल्यावर, ही कोंडी फुटली.

इन्स्टाग्रामचंच बघा. ऑक्टोबर २०१० मध्ये ते सुरू झालं तेव्हा सगळा कारभार एका मशीनवर होता, आणि त्याची ताकद मॅकबुक प्रोपेक्षाही कमी होती. पहिल्याच दिवशी २५,००० लोकांनी नोंदणी केली. मशीन गुदमरलं. तेव्हा सापडलेल्या कारणांपैकी एक ऐका: ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं ते इवलंसं चिन्ह असतं ना, फॅविकॉन, ती फाइलच सर्व्हरवर नव्हती. ब्राउझर ती मागत होते आणि प्रत्येक वेळी जँगोत, म्हणजे साइट ज्यावर बांधली होती त्या वेब फ्रेमवर्कमध्ये, एरर उठत होती. पुढे ते ईसी-टूवर गेले, फोटो एस-थ्रीवर ठेवू लागले, आणि डिसेंबर २०११ पर्यंत १ कोटी ४० लाख युजर अवघ्या तीन इंजिनिअरांनी सांभाळले. क्लाउडची ताकद यात आहेच. पण फॅविकॉनची अडचण कितीही सर्व्हर लावून सुटली नसती. त्यासाठी कोणीतरी लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेली नोंद, वाचावा लागतो.

आता तुमच्याकडे एकाचे दोन सर्व्हर झाले, पुढे लोड बॅलन्सर बसला, म्हणजे येणाऱ्या रिक्वेस्ट दोघांत वाटणारा. युजरने लॉगिन केलं ते पहिल्या सर्व्हरवर, आणि सेशन, म्हणजे तो लॉगिन झाल्याची नोंद, त्याच मशीनच्या मेमरीत राहिलं. त्याची पुढची रिक्वेस्ट दुसऱ्यावर गेली. दुसरा त्याला ओळखतच नाही, पुन्हा लॉगिन करा म्हणतो. त्याने प्रोफाइलचा फोटो टाकला, तो पहिल्या सर्व्हरच्या डिस्कवर पडला. पान रिफ्रेश केलं की कधी दिसतो, कधी नाही. असा बग शोधताना माणूस रडकुंडीला येतो, कारण डेव्हलपरच्या लॅपटॉपवर सर्व्हर एकच असतो आणि तिथे सगळं सुरळीत चालतं. म्हणून सेशन रेडिस या वेगवान डेटा साठ्यासारख्या सामायिक जागी, फाइली एस-थ्रीसारख्या ठिकाणी, आणि अॅप्लिकेशनच्या सर्व्हरवर जपून ठेवावं असं काहीही नको. तो कधीही बंद झाला तरी चालला पाहिजे.

इथवर बरेच जण येतात. खरी गाठ पडते ती डेटाबेसशी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पोस्टग्रेस (एक लोकप्रिय डेटाबेस) मूळ सेटिंगवर एका वेळी १०० कनेक्शन घेतं. त्यातली ३ सुपरयुजरसाठी, म्हणजे डेटाबेसच्या अॅडमिनसाठी, राखीव, म्हणजे अॅप्लिकेशनला उरली ९७. तुमचा प्रत्येक सर्व्हर २० कनेक्शनचा पूल (तयार ठेवलेला साठा) उघडतो असं धरा. चार सर्व्हर, ८० कनेक्शन, सगळं आलबेल. ट्रॅफिक वाढलं, गर्दीनुसार सर्व्हर आपोआप वाढवणाऱ्या ऑटो स्केलिंगने पाचवा सर्व्हर उभा केला. त्याला १७ मिळाली, बाकीची नाकारली गेली. सहाव्याच्या हाती काहीच लागलं नाही. युजरला एरर दिसतात आणि डॅशबोर्डवर मात्र सर्व्हर वाढताना दिसतात. मग कोणीतरी ती १०० ची मर्यादा थेट १००० करतं. पण पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे स्वतंत्र प्रोसेस, तिला मेमरी लागते. आता डेटाबेसच धापा टाकतो. इथे मधे पीजीबाउन्सरसारखा पूलर बसवावा, म्हणजे मोजकी कनेक्शन सगळ्यांना आळीपाळीने वापरता येतात.

त्याहून आधी स्लो क्वेरी लॉग, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या संथ प्रश्नांची (क्वेरींची) नोंद, उघडा. यादीतल्या पन्नास वस्तूंसाठी पन्नास वेगळ्या क्वेरी जाताहेत का? ज्या कॉलमवर रोज शोध चालतो त्यावर इंडेक्स, म्हणजे झटपट शोधासाठीची सूची, आहे का? माझं स्पष्ट मत आहे की नव्या स्टार्टअपला एक नीट लिहिलेला इंडेक्स दहा सर्व्हरपेक्षा जास्त तारतो. रीड रेप्लिका, म्हणजे फक्त वाचण्यासाठीची डेटाबेसची प्रत, नंतर घ्या, आणि ती मूळ डेटाबेसच्या किंचित मागे असू शकते हे ध्यानात ठेवून घ्या. नाही तर युजर आपलं नाव बदलेल आणि त्याला जुनंच दिसेल.

खर्चाबद्दल थोडक्यात. ऑटो स्केलिंगला कमाल मर्यादा घालाच, बजेटचा अलर्ट पहिल्याच दिवशी लावा, आणि बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे लागतात हे बघून ठेवा. चित्रं, व्हिडिओ सीडीएनवरून, म्हणजे युजरजवळच्या सर्व्हरांच्या जाळ्यावरून, द्या, मूळ सर्व्हरवरचा बोजा लगेच उतरतो.

आणि एक चाचणी कराच. नेटफ्लिक्सने यासाठी केऑस मंकी नावाचा प्रोग्रॅमच लिहिला, तो चालू सर्व्हर मुद्दाम बंद करतो. तुम्हाला तेवढ्याची गरज नाही. वर्दळ कमी असताना, सगळी टीम हजर असताना, एक सर्व्हर हाताने बंद करा. कोणाचं लॉगिन उडालं, कोणती फाइल दिसेनाशी झाली, कोणतं काम अर्धवट राहिलं, ते लिहून काढा. त्या यादीतलं सगळं दुरुस्त झालं की मग ऑटो स्केलिंग चालू करा.