पंप कुणाच्या बॅगेत?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय सायकलवरून चार-पाच दिवस गावाकडच्या रस्त्यांनी भटकण्याबद्दल, आणि तेही एकटीने नाही, मैत्रिणीबरोबर. निघायच्या आधी सगळे विचारतात सायकल कुठली, गिअर किती, रोज किती किलोमीटर, पण दोघींचा वेग जुळतो का हे कुणी विचारत नाही, आणि माझं विचाराल तर ट्रिप बिघडते ती तिथेच.

आम्ही दोघी सपाटीला सारख्याच, चढ आला की मात्र ती मागे पडायची. पहिल्या दिवशी मी काय करायचे, दणादण वर जायचे, झाडाखाली सायकल टेकवायचे, पाणी प्यायचे, पाय मोकळे करायचे आणि ती धापा टाकत आली रे आली की म्हणायचे, चल निघूया. म्हणजे बघा, जिला विश्रांतीची गरज तिला शून्य मिनिटं आणि जिला नाही तिला चांगली दहा! मला हे दिवसभर कळलंच नाही हो, संध्याकाळी तिने बोलणं बंद केलं तेव्हा डोक्यात उजेड पडला.

मग आम्ही ठरवलं की चढावर जिने तिने आपल्या दमाने चालवायचं, वर पोचून थांबायचं आणि मागची आल्यावर तिचा श्वास जागेवर येईपर्यंत पुढचीने सायकलला हात लावायचा नाही. चढावर एकमेकींना चिकटून जाण्यात तसाही अर्थ नसतो, वेग इतका कमी असतो की हवेचा त्रास नाहीच, त्रास असतो वजनाचा आणि ते ज्याचं त्यालाच वर न्यावं लागतं.

सपाटीवर समोरून वारा असला की हिशोब उलटा. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि ताकद लागते आठपट, त्यामुळे तिथे दमदार माणसाने पुढे राहायचं आणि दुसऱ्याने त्याच्या चाकामागे, बऱ्यापैकी वेगात साधारण पाव हिस्सा कष्ट सहज वाचतात. फक्त मागच्याने आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवायचं नाही, घासलं तर पडतो तो मागचाच. आणि पुढच्याने खड्डा दिसला की ओरडायचं, लाजायचं नाही.

आता माझा शहाणपणा ऐका. मी दमदार, म्हणून पाने, पंप, पंक्चरचं सामान सगळं माझ्या बॅगेत. दुसऱ्या दिवशी मी माथ्यावर आणि ही खाली अर्ध्या चढात, मागचा टायर बसलेला, फोनला रेंज नाही. पाऊण तास वाट बघितली, मनातल्या मनात चिडले पण, काय गप्पा मारत बसलीये ही, मग खाली उतरले आणि तो चढ दुसऱ्यांदा चढले. बरं, त्या घाईत सोल्युशन ओलं असतानाच पॅच दाबला, तो थोड्याच वेळात सुटला. सोल्युशन लावून त्याची ओली चमक जाईपर्यंत थांबायचं असतं, माहीत होतं मला, पण ओशाळलेला माणूस घाई करतोच. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट जपून फिरवायचं, काटा तिथेच असेल तर पॅचचा उपयोग काय?

बाकी तिसऱ्या दिवशी बूड दुखतं, त्याला इलाज नाही, निदान सीटची उंची तरी बघा, पॅडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, मग चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. आणि भूक लागायच्या आधी खा, लागल्यावर उशीर झालेला असतो, पायातला जीव जातो आणि मग उगाच भांडणं होतात.

शेवटच्या दिवशी सकाळी सामान भरताना बघते तर पंप आणि पंक्चरचं सामान हिने गुपचूप स्वतःच्या बॅगेत टाकलेलं. चढाच्या पायथ्याशी मला म्हणाली, जा तू पुढे खुशाल, हवा गेली तर ये चालत खाली, मी आहे.