सायक्लोन टेलर: आइसवरचा हिरो, बंदरावरचा साहेब

12 फेब्रुवारी 1910, ओटावा. आइस हॉकीच्या रिंकमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि पाहुण्या टीमचा एक प्लेयर आइसवर उतरला रे उतरला की वरून लिंबं, रिकाम्या बाटल्या आणि चक्क घोड्याची लीद सुरू. बरं, आदल्याच वर्षी याच माणसाने याच ओटावाकडून खेळून स्टॅनली कप, म्हणजे हॉकीतला सगळ्यात मानाचा कप, आणला होता आणि तेव्हा हेच लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचत होते. फ्रेड टेलर त्याचं नाव, पण अख्खा कॅनडा त्याला सायक्लोन टेलर म्हणायचा. आता तो रेनफ्रू नावाच्या एका छोट्याशा गावाकडून खेळत होता, कारण तिथल्या ओब्रायन कुटुंबाकडे खाणी आणि रेल्वेच्या कामातला बक्कळ पैसा होता आणि त्यांना काहीही करून कप गावात आणायचा होता. टेलरला किती दिले? एका सीझनचे 5250 डॉलर. मॅचेस जेमतेम डझनभर.

आता हा भाव त्याला कसा आला ते बघू.

टेलर 1880 च्या दशकात ओंटारियोतल्या टारा गावात जन्मला, वाढला लिस्टोवेलमध्ये. स्केटिंग शिकवलं गावातल्या न्हाव्याने. घरची परिस्थिती बेताची, म्हणून सतराव्या वर्षी शाळा सोडून पियानोच्या फॅक्टरीत कामाला लागला. खेळ मात्र असा की टोरोंटोच्या टीमने बोलावणं धाडलं, याने नाही म्हटलं, तर ओंटारियोच्या असोसिएशनवाल्यांनी डूख धरून त्याला अख्ख्या प्रांतात खेळायलाच बंदी घातली. त्या काळात हे लोक हौशी खेळाच्या गप्पा मारायचे, खेळाचे पैसे घेणं म्हणजे जणू पाप, पण प्लेयर मात्र आपल्या मालकीचा असल्यासारखं वागवायचे. (माझं मत विचाराल तर यापेक्षा उघड पैसे देणारे बरे.)

उघड पैसे मिळत होते सीमेपलीकडे. मिशिगनमधल्या हाउटन या तांब्याच्या खाणींच्या गावात, पोर्टेज लेक टीममध्ये. ही टीम ज्या लीगमध्ये खेळायची ती जगातली पहिली पूर्ण प्रोफेशनल हॉकी लीग, 1904 ला सुरू झाली, तीन सीझन चालली आणि बंद पडली. टेलर 1906 ला तिथे गेला, 400 डॉलर आणि वरचा खर्च वेगळा.

लीग बुडाली तसा तो ओटावाला आला. आणि इथे खरी गोष्ट सुरू होते, कारण ओटावाने त्याला नुसते पैसे नाही दिले, सरकारी नोकरी पण दिली, इमिग्रेशन खात्यात, महिना 35 डॉलर. म्हणजे वर्षाचे 420. पुढे रेनफ्रूत एका मॅचचे साधारण 437 पडत होते. गणित करा आणि मग सांगा लोक लीद का फेकत होते ते!

पण त्याच्यात असं होतं काय? तेव्हा टीममध्ये सात जण असायचे आणि पुढे पास द्यायला बंदी होती, त्यामुळे पक (हॉकीची रबरी चकती) पुढे न्यायचा तर स्वतःच घेऊन पळायचं. टेलर खेळायचा डिफेन्सला, आणि डिफेन्सवाल्याने मागे उभं राहून पक लांब भिरकावून द्यायचा अशी पद्धत. हा पठ्ठ्या मागून पक घेऊन सुटायचा ते थेट समोरच्या गोलपर्यंत. त्या ओटावाच्या मॅचआधी त्याने फुशारकी मारली की उलटं स्केटिंग करत गोल मारून दाखवतो. मारला नाही, रेनफ्रू हरलं. मार्चमध्ये घरच्या रिंकवर मात्र ओटावाला 17-2 धुतलं आणि तेव्हा त्याने तो उलटा गोल मारला म्हणतात. खरंच उलटा होता का यावर हॉकीवाले अजून भांडतात.

कप मात्र रेनफ्रूला मिळालाच नाही आणि 1911 ला टीमच बंद. टेलर 1912 च्या शेवटी पार दुसऱ्या टोकाला व्हँकुव्हरला गेला, आणि जाताना नोकरीची बदली करून घेतली. देशातला सगळ्यात महागडा प्लेयर, पण सरकारी नोकरी सोडली नाही, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

तर 23 मे 1914 ला व्हँकुव्हरच्या बंदरात कोमागाटा मारू नावाची बोट आली. 376 प्रवासी, बहुतेक पंजाबी शीख. ब्रिटिश प्रजाच होते सगळे, पण नियम असा करून ठेवलेला की मायदेशातून थेट, मध्ये कुठे न थांबता आलात तरच प्रवेश, आणि भारतातून थेट येणारी बोट तर नव्हतीच. त्या बोटीवर सुरुवातीलाच चढलेल्या कॅनडाच्या अधिकाऱ्यांमध्ये होता इमिग्रेशनचा साहेब फ्रेड टेलर. जेमतेम वीस-पंचवीस जणांना उतरू दिलं, बाकीचे दोन महिने बोटीतच, अन्नपाण्याचे हाल, शेवटी 23 जुलैला युद्धनौका आणून बोट परत पाठवली. कोलकात्याजवळ बज बजला पोहोचल्यावर पोलिसांनी गोळ्या घातल्या, अनेक जण मेले. नियम टेलरने केला नव्हता, ऑर्डर वरून होती, हे खरंय. पण त्याच्या करिअरवरच्या कौतुकाच्या लेखात ही बोट एका ओळीत उरकतात, ते मला पटत नाही.

आठ महिन्यांनी, मार्च 1915 ला, टेलरच्या टीमने, व्हँकुव्हर मिलियनेअर्सने, स्टॅनली कप जिंकला. समोर कोण, तर ओटावा! 6-2, 8-3, 12-3, तिन्ही मॅच एकतर्फी. टेलर आता डिफेन्स सोडून पुढे खेळत होता आणि गोलांचा पाऊस पाडत होता. व्हँकुव्हर ज्या लीगमध्ये खेळायचं तिथे पाच वेळा तोच टॉप स्कोअरर. 1920 च्या दशकात खेळ थांबला, नोकरी 1950 पर्यंत चालू. 1946 ला ब्रिटिश सरकारने मानाचा किताब दिला तोसुद्धा हॉकीसाठी नाही, इमिग्रेशनमधल्या कामासाठी. 1979 ला वारला, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन.

2016 ला कॅनडाच्या पंतप्रधानांनी कोमागाटा मारूबद्दल संसदेत माफी मागितली. व्हँकुव्हरची टीम सीझनच्या बेस्ट प्लेयरला अजूनही सायक्लोन टेलर ट्रॉफी देते. आणि कधी तिकडे गेलात तर कोल हार्बरला कोमागाटा मारूचं स्मारक आहे, तो कप जिंकला ती डेनमन अरीना तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होती.