तरणा कोंबडा असा का वागतो?

"कालपर्यंत मांडीवर बसायचा, आता पायांवर धावून येतो." परसात कोंबड्या पाळणाऱ्यांची ही तक्रार मी नेहमी ऐकतो. यातलं 'मांडीवर बसायचा' तेवढं लक्षात ठेवा.

नर पिल्लू तीन-चार महिन्यांचं झालं की तुरा लालभडक होतो, मानेवरची आणि कमरेवरची पिसं लांब, टोकदार होतात, फाटक्या आवाजात आरवणं सुरू होतं. अंगात टेस्टोस्टेरॉन हे नर संप्रेरक चढलेलं असतं. पण त्याच्याबरोबर उबवलेल्या तलंगा, म्हणजे तरुण माद्या, अजून अंड्यावर आलेल्या नसतात. मग पाठलाग, मानेची पिसं धरून ओढणं आणि खुराड्यात नुसता कल्लोळ.

मुरलेला कोंबडा कसा वागतो ते बघा. दाणा दिसला की टुकटुक करत चोचीत उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो. कोंबड्या धावत येतात. एक पंख खाली सोडून कोंबडीभोवती फेर धरतो. ती खाली बसली तर ठीक, नाहीतर बहुधा नाद सोडतो. वरून घार आली तर एक हाक, जमिनीवरून मांजर आलं तर वेगळी. तरण्यालाही हे उपजत येतं, पण अर्धवट. तो दाणा दाखवतो आणि कोंबडी जवळ आली की झडप घालतो! शुद्ध लबाडी.

म्हणून कळपात जुन्या, खमक्या कोंबड्या हव्यात. त्या त्याला टोचून हाकलतात आणि घाई करून भागत नाही हे त्याला कळू लागतं. कोणी कोणाला टोचायचं याची ही उतरंड नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लीफ श्येल्डेरुप-एबे यांनी १९२१ साली प्रथम मांडली. नरांतही ती असते. पहाटे आधी वरचा आरवतो, मग खालचे, हे जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. एका नरामागे आठ-दहा माद्या असाव्यात. कमी असल्या तर तो त्याच त्या कोंबड्यांवर चढतो आणि पिसं झडून त्यांच्या पाठी उघड्या पडतात.

आता मांडीवरचा कोंबडा. लाडात वाढलेल्याला माणसाची भीती नसते, त्यामुळे वयात आल्यावर तो तुम्हालाही प्रतिस्पर्धी धरू शकतो. तिरका चालत, पंख पाडत तुमच्याकडे आला तर ते आव्हान समजा. लाथ मारू नका. त्याच्या लेखी ती लढाईच झाली. पळूही नका. सावकाश त्याच्याच दिशेने चालत राहा, बाजूला त्याला होऊ द्या. हातातून खाऊ घालणं बंद करा. बऱ्याच जणांचा माज वर्षभरात उतरतो. मात्र लहान मुलांवर झेपावणारा कोंबडा मी ठेवायला सांगणार नाही. पायामागचा काटा मुलाच्या डोळ्यापर्यंत पोचतो, तिथे वाट बघायची नसते.

दोघांतला एकच ठेवायचा असेल, तर मोठ्या तुऱ्याचा म्हणून निवडू नका. दाणे टाकून लांब उभे राहा आणि कोंबड्यांना खाऊ देणारा कोण, ते बघा. नुसती खायची अंडी हवी असतील तर कोंबड्याची गरजच नाही, हे मात्र दर वेळी सांगावं लागतं.