पुढचं दार

नमस्कार मंडळी. पुरणपोळीच्या जेवणानंतर भाषण ठेवण्याची कल्पना ज्या कुणाची होती, त्यांनी पहिल्या रांगेत बसावं. म्हणजे निदान मला ते झोपलेले दिसतील.

कार्यक्रमपत्रिकेत विषय छापलाय 'दक्षिणेतली एक गुप्तहेरकथा'. दोघांनी मला विचारलंसुद्धा, मद्रासची का म्हणून. नाही हो. आपण राहतो ती, अमेरिकेतली दक्षिण. मेंफिसहून पंचावन्न नंबरचा हायवे धरून बेट्सव्हिलला डावीकडे वळलं की दीड तासात मिसिसिपीतलं ऑक्सफर्ड येतं. तुमच्यातले काही जण मुलांना कॉलेजात सोडायला तिथे गेलेले आहेत. त्याच गावात, रोवन ओक नावाच्या घरात, विल्यम फॉकनर राहत होता.

आम्ही बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेली पिढी. झुंजार आणि काळापहाड पाठ्यपुस्तकात लपवून वाचलेले. नोबेल मिळालेला लेखक रहस्यकथा लिहीत असेल असं कधी डोक्यातही आलं नव्हतं. पण फॉकनरने लिहिल्या. गॅव्हिन स्टीव्हन्स नावाचा वकील हा त्याचा गुप्तहेर. त्यातली एक कथा त्याने 'एलरी क्वीन' मासिकाच्या स्पर्धेला पाठवली आणि 1946 साली तिला दुसरं बक्षीस मिळालं. दुसरं! पुढे चारच वर्षांनी हा माणूस स्टॉकहोमला जाऊन नोबेल घेऊन आला.

ती कथा मला फार आवडते. उत्तरेकडून आलेला, जत्रेत जादूचे प्रयोग करणारा एक माणूस बायकोचा खून करतो, मग सासऱ्याचा, आणि सासऱ्याचंच सोंग घेऊन त्याच्या घरात राहतो. सोंग बेमालूम. पाहुण्यांसमोर तो व्हिस्कीची टॉडी करायला घेतो आणि साखर थेट व्हिस्कीत टाकतो. झालं, पकडला! इथल्या म्हाताऱ्याने आधी पाण्यात साखर विरघळवली असती, व्हिस्की नंतर. सोलकढीला उकळी आणणारा माणूस कोकणातला असेल का? तसंच.

पण आज मला बोलायचंय ते त्याच्या 1936 सालच्या 'अ‍ॅबसलम, अ‍ॅबसलम!' या कादंबरीवर. तिच्यावर रहस्यकथा असा शिक्का नाही, पण माझ्या मते दक्षिणेतली सगळ्यात मोठी रहस्यकथा तीच. खून पहिल्याच प्रकरणात कळतो, खुनीही कळतो. मे 1865, यादवी युद्ध नुकतंच संपलंय. हेन्री सटपेन आपल्या जिवलग मित्राला, चार्ल्स बॉनला, स्वतःच्याच घराच्या फाटकाशी गोळी घालतो आणि नाहीसा होतो. याच मित्रासाठी त्याने चार वर्षांपूर्वी बापाशी भांडून घर सोडलं होतं, वारसाहक्कावर पाणी सोडलं होतं. बहिणीचं त्याच्याशी लग्न व्हावं म्हणून हट्ट धरणारा हाच, आणि ते होऊ नये म्हणून मारणाराही हाच. का?

तपास करायला पोलीस नाहीत. 1909 साली रोझा नावाची एक म्हातारी, हेन्रीची मावशी, कॉलेजात निघालेल्या क्वेंटिनला बोलावून आपली कहाणी सांगते. मग त्याचे वडील आणखी काही सांगतात. शेवटी 1910 च्या जानेवारीत हार्वर्डच्या गारठलेल्या खोलीत क्वेंटिन आणि त्याचा कॅनडाचा रूममेट श्रीव्ह रात्रभर बसून तुकडे जुळवतात. श्रीव्हने त्याच्या मागे एकच धोशा लावलेला असतो: तुमचं ते गाव कसं आहे, लोक तिथे राहतात तरी का? आपल्यापैकी कुणाला हा प्रश्न विचारला गेलेला नाही? मला ऑफिसात पहिल्याच महिन्यात विचारला होता. मी गणपतीचं सांगितलं आणि बाकीचं गिळलं.

उत्तरं तीन निघतात. पहिलं: बॉनची न्यू ऑर्लिन्सला आधीच एक बायको होती. पटत नाही, तेवढ्यासाठी कोण मित्राला मारतो? दुसरं: बॉन हा हेन्रीच्या बापाचाच, थॉमस सटपेनचाच पहिला मुलगा, म्हणजे हेन्रीचा आणि त्याच्या बहिणीचा, ज्यूडिथचा, सावत्र भाऊ. हेन्री हेसुद्धा पचवायला तयार होतो! तिसरं: बॉनच्या आईत काळ्या माणसाचं रक्त होतं. हेच कळल्यावर सटपेनने हैतीत तिला आणि मुलाला सोडून दिलं होतं. हे मात्र हेन्रीला पचत नाही. भाऊ चालतो, रक्त चालत नाही. आणि गंमत अशी की या तिसऱ्या उत्तराला धड पुरावा नाही. ही दोन पोरं ते अंदाजाने रचतात, आणि आपल्याला ते एकदम पटतं. का पटतं, ते ज्याने त्याने आपल्या घरात डोकावून पाहावं. मिसिसिपीने 1890 साली राज्यघटनेतच मिश्र विवाहाला बंदी घातली होती. ते कलम तिथून गेलं 1987 साली. मी तेव्हा बारावीत होतो.

बॉनला काय हवं होतं? जमीन नाही, पैसा नाही. बापाने एकदा 'हो, तू माझा' म्हणावं, नुसती तशी नजर टाकावी. मग आपण होऊन निघून जाईन, असं श्रीव्ह त्याच्या तोंडी घालतो. आता तुम्ही म्हणाल, हा तर कर्ण. मलाही तेच वाटलं होतं. पण युद्ध तोंडावर आल्यावर का होईना, कुंती नदीकाठी गेली. सटपेन गेला नाही.

आणि हा सटपेन कोण? डोंगरातल्या गरीब गोऱ्याचा पोर. चौदाएक वर्षांचा असताना बापाचा निरोप घेऊन एका बड्या मळेवाल्याच्या घरी गेला, तेव्हा दारातल्या काळ्या नोकराने सांगितलं, पुढच्या दाराने यायचं नाही, मागून ये. निरोप पोटातच राहिला. त्या एका अपमानातून त्याने शंभर चौरस मैलांची जमीन मिळवली, गुलाम राबवून वाडा उठवला, स्वतःचं पुढचं दार केलं. आणि त्या दारात स्वतःचा मुलगा आला तेव्हा ते बंद ठेवलं. मागच्या दाराने ये म्हणणारे वाडे आपल्याकडे कमी नव्हते. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून आठच वर्षं झाली होती तेव्हा, 1873 साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना हे दार ओळखू आलं होतं.

हेन्रीचं काय झालं? 1909 च्या सप्टेंबरात क्वेंटिन आणि रोझा त्या पडक्या वाड्यात शिरतात. माडीवर पिवळ्या पडलेल्या चादरीवर एक म्हातारा पडलाय. चार वर्षांपूर्वी मरायला घरी आलेला हेन्री! डिसेंबरात रोझा त्याच्यासाठी रुग्णवाहिका घेऊन येते. घर सांभाळणाऱ्या क्लायटीला, तीही सटपेनचीच, गुलाम बाईपासून झालेली मुलगी, वाटतं की पोलीस आले, चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या खुनासाठी. ती वाड्याला आग लावते.

पुस्तकाची एक प्रत मंडळाच्या कपाटात ठेवतोय. वाक्यं लांबलचक आहेत, एकेक वाक्य पानभर चालतं, घाबरू नका. शेवटी फॉकनरने स्वतः केलेला सनावळीचा तक्ता आणि वंशावळ आहे. त्यात सगळं फोडलंय, शिवाय त्यातल्या काही तारखा कादंबरीशी जुळत नाहीत. ती पानं आधी उघडू नका, असं सांगणार होतो. पण आता सगळं मीच फोडून बसलोय. चहा तयार आहे म्हणतात.